डिलर्डांची तांबडी कालवड

मिस ओलीटा प्रूइटला खोटं अजिबात खपत नसे, आणि तिच्या आयुष्यातलं एकुलतं एक मोठं खोटं मी चव्हाट्यावर आणलं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी स्वतःला सावरून घेईन, ती सवय मला आहे.

आमच्या मिसिसिपीतल्या काउंटीत गुरांचे डॉक्टर एकच, डॉक मॅब्री. ओलीटा त्यांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं मदतनीस होती. बापाच्या गाई पिळायला माणूस नव्हतं म्हणून सोळाव्या वर्षी तिची शाळा सुटली होती. पण फाटकात उभं राहून ती सांगायची, कोणत्या गाईला ताप आहे. लोक फोन करून आधी तिला विचारत आणि मग वाईट दिसू नये म्हणून डॉकची चौकशी करत. दुपारी ती कोकच्या बाटलीत खारे दाणे टाकून पायरीवर बसायची, आणि त्या वेळात खुद्द डॉकही तिला हाक मारत नसत.

मी तिथे पिंजरे धुवायला लागले ती फॉर्मसाठी. आमच्या राज्याचं पशुवैद्यक कॉलेज शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या काही मुलांना आधीच जागा राखून ठेवतं. मधली कॉलेजची वर्षं नीट काढली की सरळ आत. त्यासाठी डॉक्टरच्या हाताखाली चारशे तास काम केल्याचा सहीचा कागद लागायचा. माझे तास ओलीटा पेंडीच्या दुकानाच्या कॅलेंडरवर लिहायची. सप्टेंबरात तीनशे अठ्ठ्याऐंशी भरले. मी म्हटलं, उरलेले बारा कोण मोजतंय?

"मी मोजतेय," ती म्हणाली. "शनिवारी ये, पोरी."

त्या शनिवारी सकाळी डॉक मुतखड्याने इस्पितळात पडले होते आणि दुसरे डॉक्टर सत्तर मैलांवर. गुरं पाळणाऱ्या डिलर्डांनी ट्रेलरमधून विताना अडलेली तांबडी कालवड आणून सोडली आणि ते गवत कापायला परत गेले. वासरू आडवं आलं होतं. ओलीटाने अर्धा तास आत हात घालून खटपट केली, मग कोपरापर्यंत हात धुतले आणि मला डाव्या कुशीवरचे केस काढायला सांगितले. अशी दोनशे तरी पोटं डॉकना फाडताना तिने जवळ उभं राहून पाहिली होती. परवान्याशिवाय सुरी लावणं गुन्हा आहे, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"गर्भाची पिशवी घट्ट धर," ती म्हणाली, "आणि तोंड त्याहून घट्ट."

वासरू जगलं. दुपारपर्यंत कालवड उठून गवत खायला लागली. सोमवारी डॉक आले आणि त्यांनी निमूटपणे वहीत त्या ऑपरेशनपुढे स्वतःचं नाव घातलं. जे पाहिलंस ते डॉकना करताना पाहिलंस, असं ओलीटाने मला बजावलं. मी हो म्हटलं.

मुलाखत जानेवारीत होती. ओलीटाने माझा पांढरा शर्ट इस्त्री केला, सॉसेज घातलेले पाव फॉइलमध्ये बांधले आणि दोन तास गाडी चालवून मला नेलं. ती गाडीतच थांबली. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या मुलाच्या बापाचं घोड्यांचं मोठं इस्पितळ होतं, आणि पलीकडची मुलगी आफ्रिकेत हत्तींमध्ये राहून आली होती. माझ्याकडे चारशे तासांचे धुतलेले पिंजरे. आत तिघं जण बसले होते. खरा डॉक्टर कसा असतो हे तुला कधी कळलं, असं त्यांनी विचारलं. मी एका म्हाताऱ्या कुत्र्याची गोष्ट पाठ करून गेले होते. ती सुरू केली आणि उजवीकडच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

मग मी कालवड सांगितली. डावी कूस, पिशवी, फाटकातून ओळखलेला ताप, सगळं. नावासकट सांगितली, आणि छान रंगवून सांगितली. तिघंही पुढे वाकून ऐकत होते. मी लहान होते, मी तर तिचं कौतुकच करत होते, असं मी पुढे वीस वर्षं घोकलं. खरं असं की मला ती जागा हवी होती आणि मी काय देऊन ती घेतेय हे मला बोलतानाच कळत होतं.

गाडीत ओलीटाने विचारलं, "काय विचारलं?"

"नेहमीचंच," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर मी पावाला हात लावला नाही. तिने एकदा पुडीकडे पाहिलं आणि रेडिओ लावला.

मार्चमध्ये जागा मिळाल्याचं पत्र आलं. ओलीटाने माझ्यासाठी कॅरॅमलचा केक केला. एप्रिलमध्ये परवाना मंडळाचा माणूस आला. आपणच फोनवरून तिला तसं करायला सांगितलं, अशी थाप डॉकनी मारली आणि अर्धा दोष अंगावर घेतला. ओलीटाला काढायचं, या अटीवर त्यांचा परवाना वाचला. ती कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यात कापणाऱ्यांच्या रांगेत कामाला लागली. चौदा वर्षं गारठ्यात उभी राहिली, आणि आता तिची बोटं सरळ होत नाहीत. मी डॉक्टर झाले, डॉकचाच दवाखाना घेतला. दर नाताळला तिचा केक यायचा. तिला काही कळलं नाही, असं मी धरून चालले, कारण ते सोयीचं होतं.

गेल्या महिन्यात माझ्याकडची एक मुलगी तासांच्या कागदावर सही मागायला आली. माझ्या हातून सही होईना. रविवारी चर्च सुटल्यावर मी ओलीटाकडे गेले आणि स्वयंपाकघरात बसून सांगून टाकलं, की कालवडीचं सगळं, फाटकातल्या तापासकट, मीच सांगितलं होतं, मुलाखतीत.

"माहितीये."

"कधीपासून?"

"तो मंडळाचा माणूस डावी कूस म्हणाला ना, तेव्हापासून. तिथे तीनच जणी होतो. तू, मी आणि कालवड. कालवड काही बोलली नसणार."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. मी नोकरीबद्दल, तिच्या हातांबद्दल काहीतरी बोलायला लागले. तिने मला थांबवलं.

"नोकरीचं रडून झालं त्याच उन्हाळ्यात. तू पोर होतीस, तुला जागा हवी होती. पण फाटकातून गाईचा ताप ओळखते म्हणून जिचं नाव तिथे सांगून आलीस, तिला तुझ्या तोंडावरचं कळलं नसेल असं समजलीस? वीस वर्षं माझा केक खाल्लास आणि मला मूर्ख समजलीस. ते लागलं मला."

ती उठली. सकाळचे सॉसेज-पाव झाकून ठेवले होते, त्यातला एक तिने वाकड्या बोटांनी बशीत घातला आणि माझ्यापुढे सरकवला.

"त्या दिवशी गाडीतला राहिलाय," ती म्हणाली. "खा."

मी बारीक बारीक घास मोडायला लागले. ती समोर खुर्ची ओढून बसली आणि शेवटचा घास संपेपर्यंत बघत राहिली.