काकांची पाठ

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात ह्यांच्या काकांची पाठ दिसते. राखाडी सफारी, मानेवरचा घाम आणि कडेला माझ्या मुंडावळ्यांचं एक टोक. समोर नवरा म्हणून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ह्यांचा चेहरा कसा होता, मला काही केल्या आठवत नाही. काकांना विचारलं तर ते जिलबीबद्दल बोलतात.

म्हणून लेकीचं लग्न इथे सिंगापूरलाच करायचं ठरल्यावर मी जाहीर केलं, फोटोग्राफर मी निवडणार. तोही परीक्षा घेऊन.

"आई, पोर्टफोलिओ बघायचा असतो फक्त," लेक म्हणाली.

पोर्टफोलिओत सगळी जोडपी सूर्यास्ताकडे बघत उभी. मला सूर्यास्त नको होता, तो एक क्षण हवा होता. लेकीच्या अल्बममध्ये कुणाची पाठ येऊ द्यायची नव्हती.

मग रविवारी सकाळी परीक्षेसाठी आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लुटुपुटूचं लग्न लागू लागलं. अंतरपाट म्हणून फुलाफुलांची चादर. तिचं एक टोक कपडे वाळवायच्या स्टँडला, दुसरं लेकीच्या हातात. एका बाजूला गाउनमधली मी, दुसऱ्या बाजूला हाफ पँटमधले हे. मंगलाष्टकं फोनवर. 'सावधान' झालं की लेकीने चादर सोडायची आणि अक्षता उधळायच्या.

पहिला फोटोग्राफर म्हणाला, "आंटी, वन मोअर टाइम, कॅन?" वन मोअर टाइम! लग्न आहे की नाटकाची तालीम? नापास. दुसऱ्याने अक्षता दिसताच कॅमेरा शर्टात लपवला. लपवता लपवता आमच्या पंख्याचा फोटो तेवढा सुरेख आला.

"आई, तू सगळ्यांना घाबरवतेस लाह!" लेक इथल्या सिंगापुरी सुरात कुरकुरली.

तिसरी आली ती एक चिनी मुलगी. तिने आधी टीव्ही बंद केला, कारण हे चादरीवरून क्रिकेट बघत होते. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून तिच्यावर चढली.

"एव्हरीबडी विल रश टू द फ्रंट, राइट?" तिने विचारलं. मी हरखलेच. पोरीने आमची माणसं ओळखली होती!

सावधान! चादर पडली, तांदूळ उडाले, क्लिक.

तिने कॅमेरा पुढे धरला. ह्यांच्या टकलावर तांदूळ, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळे माझ्यावर. क्रिकेट हुकल्याची खंत नाही, काही नाही. नुसते बघत होते, जरासे घाबरून आणि फार खूश होऊन.

"मग, हिला ठरवायचं ना?" लेकीने विचारलं.

"ठरली. पण हा फोटो मला आत्ता पाठवायला सांग."

लेकीचे फोटो पुढे छान आले, तो क्षणही आला. मी मात्र माझा जुना अल्बम उघडला. काकांचा फोटो काढून टाकला नाही, त्यांच्या पुढच्याच पानावर हा लावला. आता पान उलटलं की काका एकदाचे बाजूला होतात.