बिनतेलाचा गोळा

देव हाकेला धावतो म्हणतात. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी मला वाटायचं, कुठला धावतोय, कानात बोळे घालून बसलाय. माझे थोरले दीर, ज्यांना सगळी चाळ दादा म्हणायची, ते छातीत कळ येऊन बसल्या जागी गेले. दादा आमच्या भजनी मंडळाचे बुवा आणि आमचे हे त्यांचे पखवाजी. मुलुंडच्या त्या चाळीत गणपती असो की कुणाचं बारसं, दोघा भावांचं भजन झाल्याशिवाय प्रसाद वाटत नसत. दिवसभर कारखान्यात खपून आलेली माणसं गजराला टाळ्या देऊ लागली की तोंडावरचा शीण कुठल्या कुठे पळायचा. मीही त्यातलीच. घरात काही खुपलं तर मनाशी म्हणायचे, जाऊ दे गं, शनिवारी भजन आहे.

दादा गेल्यावर ह्यांनी पखवाज चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. कामावर जायचे, यायचे, जेवायचे. विचारलं तर हो किंवा नाही, बस्स. रडलेसुद्धा नाहीत. रेडिओवर अभंग लागला की उठून बंद करायचे. कपडे अंगावर लोंबायला लागले. मला एकच भीती, हा माणूस असाच विझत जाणार आणि मी नुसती बघत राहणार. सुरुवातीला रोज देवापुढे कपाळ बडवलं. पुढेपुढे दिवा तेवढा लावायचे, मागणं बंद केलं.

अशात चाळीची सत्यनारायणाची पूजा आली आणि खालच्या मैदानात डबलबारी ठरली. डबलबारी म्हणजे आम्हा कोकणातल्या माणसांचा जीव की प्राण. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं. यंदा दोन्ही मंडळं बाहेरची होती. दिवेलागणीला सगळी चाळ खाली सतरंज्यांवर, आणि ह्यांनी दार लावून घेतलं, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. चाळीत संध्याकाळी दार लावलं की काय समजायचं ते सगळ्यांना समजतं, त्यामुळे बोलवायला कुणी आलं नाही. मी परातीत दणादणा चपात्यांची कणीक तिंबत बसले.

तेवढ्यात कडी वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. "वयनी, वायच कणीक मेळात काय? पखवाजाक लावूची हा. आणलली ती वाटेतच सुकली."

पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या चामड्याला, भिजवलेल्या कणकेचा थापा लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही, आणि दर वेळी तो ताजा लागतो. एवढं मला ठाऊक होतं. पण ती कणीक हे स्वतः भिजवायचे, मला हात लावू देत नसत. म्हणून मी आपला परातीतलाच गोळा तोडला आणि त्या म्हाताऱ्या बाबांच्या हातावर ठेवला.

"तेल आसा तिच्यात," पाठीमागून ह्यांचा आवाज आला. "चामड्याक धरूची नाय."

मी वळून बघितलं. कितीतरी महिन्यांनी हा माणूस न विचारता बोलला होता. हे उठले, डब्यातलं कोरडं पीठ घेतलं आणि पाण्याचे शिंतोडे देत मळायला बसले. बाबा दारातच टेकून बघत राहिले. गोळा झाल्यावर म्हणाले, "आता तुमीच येवन लावा. माझ्या बोटांक पयल्यासारख्या कळणा नाय." हे आहेत त्या लुंगी-बनियनवर त्यांच्यामागून जिना उतरले.

मी गॅलरीत धावले. खाली डाव्या पुडीवर थाप पडली, बोदी. थोडी कणीक काढून पुन्हा थाप. मग एक थाप अशी घुमली की मला बघायची गरज उरली नाही, हा ह्यांचाच हात. मीही खाली गेले. बाबांच्या मंडळाच्या बुवांनी सूर लावला तेव्हा हे बाबांच्या मागे बसून मांडीवर ताल धरत होते आणि ढसाढसा रडत होते. कुणी सावरायला गेलं नाही, तेच बरं केलं. गजर चढला तशी मीही टाळ्या पिटू लागले. रडत होते, हसत होते, शेजारणीला कोपराने ढोसत होते. छाती मोकळी झाली आणि मला कडकडून भूक लागली.

एक बारी संपल्यावर मी बाबांना गाठलं. म्हटलं, आमच्याच दारी तुम्हाला कुणी पाठवलं? ते म्हणाले, "कोणी नाय, वयनी. परातीचो आवाज इलो, म्हणान इलंय."

घरी आल्यावर ह्यांनी माळ्यावरून पखवाज उतरवला, चादर सोडली. म्हणाले, "उद्या कणीक भिजवशील तेव्हा तेल घालायच्या आधी माझा गोळा काढ."

मी देवाकडे डोंगराएवढं मागत होते. त्याने माझ्याकडे मागितली ती गोळाभर कणीक. तीही मी चुकीची दिली, आणि त्या चुकीतूनच त्याने माझा माणूस उठवून बसवला. तेव्हापासून अमुक कर, तमुक कर असं त्याला सांगायला मी जात नाही. त्याचं त्याला कळतं.

आता ती चाळ नाही, तिथे मोठी इमारत आहे. ह्यांची बोटं आखडली, पखवाज पुतण्याकडे गेला. मी मात्र अजून तेल घालायच्या आधी एक गोळा बाजूला काढते. त्याची चपाती चिवट होते. हे रोज कुरकुरतात, आणि रोज तीच आधी मागून घेतात.