आमचं आखूड कोर्ट

कळंबच्या मोंढ्यामागं एक पत्र्याचं शेड आहे. त्या शेडात आमचा बॅडमिंटन क्लब अख्ख्या हिवाळ्यात एकदाही हरला नाही. ही थाप नाही. माझ्या बाकीच्या गोष्टींत पाणी असतं हे मी स्वतःच सांगतो. मी फवारणीची औषधं विकतो, त्या धंद्यात जीभ आपोआप लांब होते. पण हे लेखी आहे. परंड्याचा संघ आला, हरला. भूमचा आला, हरला. वाशीचा आला, आधी दोन-दोन प्लेट भजी खाल्ली, मग हरला.

बरं, का हरतोय हे त्यांना कळायचं नाही. चांगले दणकट गडी. फूल असं मारायचे की पत्रा थरथरावा, आणि ते पडायचं मागच्या रेषेच्या पलीकडं. आम्ही हात वर करून सोडून द्यायचो. बाहेर! पुन्हा मारायचे, पुन्हा बाहेर. बिचारे रॅकेट उलटीसुलटी करून बघायचे, फुलाची पिसं मोजायचे. माझ्या जोडीला दुहेरी खेळणारे डॉक्टर त्यांची समजूत काढायचे, "कळंबची हवाच पातळ हाय ओ. फूल थांबतच न्हाय." मी त्यात भर घालायचो की, शेडातल्या पोत्यांची ऊब निघते, ती फुलाला खालून उचलते. भूमच्या कप्तानानं हे वहीत लिहून घेतलं. देवाशप्पथ.

क्लब म्हणजे आम्ही चौघं. डॉक्टर जनावरांचे, म्हणून त्यांच्या हाताला भीती ठाऊक नाही; बैलाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस नेटजवळच्या फुलाला काय भिणार? मॅडम कन्या शाळेत गणित शिकवतात, आणि आमच्यात खरं बॅडमिंटन येतं ते त्यांनाच. चौथे आमचे कप्तान, काका. एसटीत कंडक्टर होते, सेवानिवृत्त झाले, पण गाडीतून काही उतरले नाहीत. खेळताना आम्ही नेटपाशी गर्दी केली की ओरडायचे, "मागं सरका! मागं जागा हाय!" सकाळी सहाला शेडाचं कुलूप तेच काढत, झाडू तेच मारत, आणि रेषाही तेच आखत. घरी त्यांना पेपर वाचण्यापलीकडं काम नव्हतं, आणि पेपर अर्ध्या तासात संपतो. त्यांचा दिवस त्या शेडात सुरू व्हायचा. खरं तर दिवसातला तेवढाच तुकडा त्यांचा होता.

आता रेषांचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. शेड शेठचं. शेठ मूळचे उमरग्याकडचे, आडतीचे व्यापारी, कपाळावर भस्म, रागावले की कानडीत शिरायचे. शेडाच्या एका टोकाला त्यांची पोती. सुगी आली की सोयाबीनची थप्पी वाढायची आणि थोडी पुढं सरकायची. थप्पी रेषेवर आली की काका गेरूचा डबा घेऊन यायचे आणि मागची रेषा चार बोटं आत घ्यायचे. चार बोटांनी काय होतंय? पण काका न्यायाचे पक्के. एका बाजूचं कोर्ट आखूड झालं तर दुसऱ्या बाजूवर अन्याय नको म्हणून तिकडचीही जुनी रेषा पुसून नवी तेवढीच आत. पुढं पोती विकली जायची, थप्पी ठेंगणी व्हायची, खालचा थर आणि रेषा मात्र तिथंच राहायची, कारण थर हलवून ती परत आखायला कुणाला सवड? दुसऱ्या सुगीला थप्पी पुन्हा पुढं, काका पुन्हा डबा घेऊन हजर. असं किती वर्षं चाललं ते काकांनाच ठाऊक. आम्हाला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. दोन्ही बाजू सारख्या होत्या ना?

जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही खालच्या गटात, आणि तिथं कोर्ट मोजायला कुणी येत नसे. आणि सगळे संघ आमच्याकडंच यायचे, कारण त्यांची कोर्टं उघड्यावर आणि आमचं पत्र्याखाली. असे जिंकत जिंकत आम्ही शेवटच्या लढतीपर्यंत आलो. उमरग्याचा संघ, त्यांच्याच हॉलमध्ये. तीन सामने, दोन जिंकले की वरच्या गटात.

त्याच आठवड्यात शेठ शेडात आले. जाजम झटकावं तसं त्यांनी नेट हलवून बघितलं.

"काका, यंदा हरभरा लई येणार. मला पुरं शेड लागतंय."

काकांच्या हातातला झाडू थांबला. "पुरं म्हंजी?"

"म्हंजी पुरं. ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत."

डॉक्टर मधे पडले. "शेठ, आमी वरच्या गटात चाललोय. गावाचं नाव व्हायलंय आन् तुमी हरभरा घेऊन बसलाव?"

शेठ हसले. बाहेर हमाल, मापाडी, चहावाला, सगळे कान देऊन उभे होते, आणि व्यापाऱ्याला चार माणसं बघून ऐट येतेच. "जावा की वर. वर गेलाव तर शेड तुमचं. एक पोतं तुमच्या खेळाच्या आड येणार न्हाय, हा माझा शब्द. न्हाय गेलाव तर चावी आणून द्या."

काका नुसते झाडत राहिले. एकच कोपरा चार वेळा झाडला.

उमरग्याला आम्ही डॉक्टरांच्या गाडीतून गेलो. गाडीत जंताच्या औषधाचा असा वास की येणेगूरपर्यंत माझ्याही पोटातले जंत मेले असावेत. हॉल बघून आम्ही गार. खाली हिरवी मॅट, वर पांढरे दिवे, मागं मोकळी जागा इतकी की एक एसटी वळवून घ्यावी. पोतं औषधालाही नाही.

पहिला सामना मॅडमचा. पहिल्याच फुलाला त्यांनी ऐटीत हात वर केला. बाहेर! फूल पडलं. रेषेवरचा पंच म्हणाला, आत. होतं असं कधी. दुसरं सोडलं, आत. तिसरं, आत. आम्ही बाकावरून ओरडायला लागलो. डॉक्टर म्हणाले, "पंच त्यांच्याच गावचा हाय." मी म्हटलं, "पंचाचा डोळा तिरळा हाय." आणि मॅडमची लांब म्हणून मारलेली फुलं तिकडं मधेच, कंबरेएवढ्या उंचीवर जात होती, आणि समोरची मुलगी ती कैरी झोडपावी तशी झोडपत होती. पहिला डाव बघता बघता गेला. मॅडम बाकापाशी आल्या. चेहरा असा की वर्गात दोन आणि दोन पाच आले असावेत.

"काका, मी सोडलेलं प्रत्येक फूल आत कसं पडतंय?"

"मॅडम, हवा," मी म्हटलं. "इथली हवा जाड हाय."

"तुम्ही जरा गप बसा."

काका मात्र उठले होते. चपला काढल्या, सरळ कोर्टात गेले, नेटपाशी उभे राहिले आणि पावलाला पाऊल लावत मागच्या रेषेकडं निघाले. ओठ हलत होते. पंच म्हणाला, "अहो आजोबा, हे काय चाललंय?" काका मोजतच राहिले. भरल्या गाडीत शेवटपर्यंत जाऊन तिकिटं फाडलेला माणूस, मधे मोजणी तोडणार होय? रेषेवर पोचले, खाली बघितलं, आणि परत आले ते निम्म्या वजनाचे होऊन.

"आपल्याकडं बावीस पावलं," ते हळूच म्हणाले. "हितं चोवीस हायेत."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मॅडमनी डोळे मिटून हिशेब केला असावा; त्यांना पहिल्यांदा कळलं. "म्हणजे भूमवाले बाहेर मारत नव्हते."

माझ्या डोळ्यांपुढं भूमच्या कप्तानाची वही आली.

"ते मागनं बघू," काका म्हणाले. "मॅडम, बाहेर वाटलं की मारा. मागं जागा हाय."

मॅडम गणिताच्या. एकदा माप कळल्यावर त्यांनी दोन पावलं मिळवली आणि पुढचे दोन्ही डाव जिंकले. मग काकांचा सामना, पंचेचाळीसच्या वरच्यांचा. डोक्याला माहीत होतं, पण इतक्या वर्षांचे पाय ऐकेनात. फूल मागं गेलं की पाय बाविसाव्या पावलाला थांबायचे, जणू पुढं थप्पी आहे. हरले. बाकावर बसून गुडघे दाबत राहिले, आणि आमच्याकडं बघेनात.

एक-एक. राहिलो मी आणि डॉक्टर.

त्या सामन्याचं मी आजवर बऱ्याच ठिकाणी बऱ्याच तऱ्हेनं वर्णन केलंय. चहाच्या गाड्यावरच्या वर्णनात मी एक फूल पाठीमागून, पायांच्या मधून मारतो. इथं खरं लिहितो: मला काहीच कळत नव्हतं. आत कुठं, बाहेर कुठं, नेट कुठं, उमरगा कुठं. बाहेर वाटलं की मारायचं, हे इतकं डोक्यात बसलं की मी शेजारच्या कोर्टात चाललेली फुलंही मारायला लागलो. डॉक्टर ओरडायचे, "आरं सोड, ते भिंतीला चाललंय!" मी मारायचो. मग खरंच आत पडणारं सोडायचो. तिसऱ्या डावात कसे कोण जाणे आम्ही वीस-एकोणीसवर आलो. आणखी एक फूल आणि शेड आमचं.

समोरच्यानं फूल उंच उडवलं. इतकं उंच, की ते खाली येईस्तोवर एक पेरणी उरकावी. मी मागं सरकत गेलो. डॉक्टर ओरडले, "सोड!" बाकावरून काका ओरडले, "मार!" आयुष्यभर मी दुसऱ्यांना सल्ले दिले, किती मिली किती लिटरला, आणि त्या क्षणी मला दोन सल्ले मिळाले आणि दोन्ही बरोबर वाटले. मी दोन्ही ऐकले. म्हणजे रॅकेट फिरवली, आणि फिरवता फिरवता हात मागं घेतला. फूल माझ्या कानाजवळून खाली गेलं आणि रेषेच्या बाहेर, चार बोटं बाहेर, पडलं.

रेषेवरच्या पंचानं हात पसरले. बाहेर. डॉक्टर नाचायला लागले, तोच समोरचा एक गडी नेटपाशी आला. "रॅकेटला लागलं ना ओ. मी आवाज ऐकला."

बाहेर पडलेलं फूलही रॅकेटला लागलं असलं तर गुण त्यांचा. पंच माझ्याकडं वळला. "लागलं का?"

काका बाकावरून अर्धे उठलेले. मला खरंच काहीतरी वाटलं होतं, तळहातात, मुंगी चालून जावी एवढं. ते फूल होतं का माझाच थरकाप, मला ना तेव्हा कळलं, ना आता.

"न्हाय," मी म्हटलं.

पंचानं आमच्या बाजूनं बोट दाखवलं.

परतीच्या वाटेवर गाडीत आनंद होता, पण चमत्कारिक. मधेच कुणीतरी हसायचं आणि हसू अर्ध्यावरच टाकायचं. मॅडम म्हणाल्या, "वाशीवाल्यांना फोन करायला हवा." डॉक्टर म्हणाले, "करून सांगायचं काय?" काका खिडकीतून बाहेर बघत बसले होते. इतकी वर्षं न्यायानं रेषा आखल्या त्यांनी.

आठ दिवसांनी वरच्या गटाचं पत्र आलं. अभिनंदन होतं, आणि खाली एक ओळ: संघाचं कोर्ट नियमाच्या मापाचं असावं, माणूस मोजायला येईल. काकांनी ते पत्र घेतलं आणि एकटे शेठच्या गादीवर गेले. आम्ही बाहेर उभे. आतून आधी मराठी आली, मग कानडी. मग शेठ स्वतः बाहेर आले आणि हमालांना म्हणाले, "उचला रे. शब्द दिलाय मी, ह्या सगळ्यांच्या म्होरं." आणि मला म्हणाले, "तुमचा खेळ म्हंजी माझ्या हरभऱ्याच्या मुळावर आलाय बगा."

थप्पी हलली, आणि खालची फरशी दिसली. तिथं कित्येक वर्षांत कुणाचे बूट लागले नव्हते. गेरूच्या रेषा होत्या. एक, तिच्या मागं चार बोटांवर दुसरी, तिच्या मागं तिसरी, भिंतीपर्यंत. जुन्या फिक्या होत जाणाऱ्या, पण सगळ्या सरळ. सगळ्यात मागची काकांनी बोटानं चाचपली, मग टेप लावला. नेटपासून बरोबर बावीस फूट, म्हणजे काकांची चोवीस पावलं, नियमाचं माप. पहिल्या वर्षी त्यांनी बरोबरच आखली होती.

ते तिथंच उकिडवे बसले. मी गेरूचा डबा घेऊन शेजारी उभा. वर न बघता त्यांनी विचारलं, "लागलं होतं का रं?"

माझ्याकडं उत्तरं भरपूर असतात. हवा पातळ, हवा जाड, पोत्यांची ऊब. त्या वेळी एकही सापडेना.

"काका, खरंच ठावं न्हाय."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या प्रवाशाकडं बघावं तसं. मग दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धर. त्या भिंतीकडं जा. आणखी मागं. मागं जागा हाय."