कुंडीतली रोवणी

परदेशी शिकायला जाणाऱ्याला आधी एक निबंध लिहावा लागतो. हा विषय का निवडला, आजवर काय सोसलं, पुढे काय दिवे लावणार, सगळं दोन पानांत. मी सिंदेवाहीकडच्या गावची, विषय भातशेती. मला वाटलं, सोसण्याला आपल्याकडे काय तोटा! मी लिहिलं, की लहानपणापासून आईच्या शेजारी उभी राहून मी धानाची रोवणी केली, पावसाळाभर पाण्याने कुजून माझ्या पायांच्या बोटांत चिखल्या पडलेल्या असायच्या आणि त्या चिखलातूनच मला भाताच्या मुळांची ओढ लागली. निबंध वाचून मीच हळवी झाले.

खरी गोष्ट अशी, की मी जन्मात बांधीत पाय ठेवला नव्हता. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी धुरे म्हणजे मातीचे बांध आणि आत पोटरीभर चिखल. आई लोकांच्या बांध्यांत रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जायची. मला मात्र धुऱ्यावर बसायचीही बंदी. डबा घेऊन गेले तर ती लांबूनच ओरडायची, "डबा ठेव अन् जाय घरी! हात धू अन् अभ्यासाले बस!" नुसता डबा पोचवल्यावर हात कशाला धुवायचे, हे मला कधी कळलं नाही. सोबतच्या बायका तिला "मास्तरीणबाईची माय" म्हणून चिडवायच्या. ती ते खुशाल मिरवायची.

माझा नंबर लागला, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. विहारात सत्कार झाला, तीन शाली मिळाल्या. इंग्लंडात थंडी फार म्हणून तिन्ही सोबत नेल्या. तिथे त्या खोलीच्या खिडकीच्या फटी बुजवायला कामी आल्या.

आमचे तिथले सर लाल गालांचे आणि अतिशय सज्जन. सज्जन माणसाची हीच पंचाईत असते, तो दुसऱ्याने निबंधात लिहिलेलं खरं मानतो. उन्हाळ्यात प्रकल्प सुरू झाला. काचघरात साठ कुंड्या, प्रत्येकीत भाताची रोपं, आणि कमी पाण्यात त्यांची मुळं कशी वाढतात ते मी पाहायचं. पहिल्या दिवशी सरांनी बाकीच्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं. म्हणाले, "ही लहानपणापासून हे करत आली आहे. नीट बघून घ्या." सगळ्यांनी मोबाइल वर केले.

मी एकेक रोप घेतलं, बोटाने खड्डा केला, रोप अर्ध्यापर्यंत गाडलं आणि भोवतीची माती दोन्ही अंगठ्यांनी थापून घट्ट केली. शाळेत वृक्षारोपणाला आलेले पाहुणे करायचे, अगदी तसं. मला तेवढंच पाहून माहीत होतं. टाळ्याही पडल्या.

आठवड्यात रोपं पिवळी पडली, मग सडली. सरांनी पाण्याला दोष दिला, उजेडाला दिला, काचघरातल्या पंख्याला दिला. मला सोडून सगळ्यांना दिला. माझ्या चिखल्यांवर त्यांचा फार विश्वास होता. आता आणखी एकदाच पुरतील एवढी रोपं उरली होती. तीही गेली तर प्रकल्प गेला, म्हणजे पदवी गेली. शिष्यवृत्ती काही दुसऱ्या वर्षी मिळणार नव्हती.

मी सकाळी आईला फोन लावला. तिकडे दुपार होती, ती धुऱ्यावर डबा खात होती. विचारलं, "आई, रोवणी कशी करतात?"

"कायले पायजे तुले?"

"इथं करावी लागते."

 ती म्हणाली, "तिथी रोवणी करून राह्यली तू? यासाठी तुले विमानात बसवलं का मी? इथी काय बांध्या कमी होत्या?" आणि फोन बंद.

तीन दिवस तिने फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी तिचाच व्हिडिओ कॉल आला. एक बाई मोबाइल धरून उभी होती आणि आई चिखलात वाकलेली. मी काचघरातल्या कुंड्या आणि माझी माती थापायची रीत दाखवली, तशी ती म्हणाली, "पाहाय नीट. दोन-तीन काड्या घ्यायच्या. मुळं बोटाच्या टोकात धरायची. दोन पेरं खोल, बस. वरून दाबू नोको, माती आपोआप बसते. मुर्दा पुरून राह्यली का तू?" सोबतच्या एकीने विचारलं, एवढ्या कुंड्यांचे तांदूळ किती जणांना पुरतील. मी म्हटलं, एकालाही नाही. त्यावर त्या सगळ्या पोट धरून हसल्या.

यावेळी रोपं जगली. सर हरखले. हे कसं जमलं, असं विचारल्यावर मी म्हटलं, गावाकडच्या एका जाणकार बाईंनी सांगितलं. तिथे माणसाने दिलेल्या सल्ल्यालाही फॉर्म असतो. जाणकाराचं शिक्षण, अनुभव, आणि संमतीचे चार शब्द त्याच्याच तोंडचे, खाली सही.

आईचं शिक्षण चौथी. फोनवर अनुभव विचारला तर म्हणाली, "लुगडं नेसाले लागली तवापासून." संमतीसाठी मी म्हटलं, माझी हरकत नाही एवढं बोल. ती म्हणाली, "लिह. माही पोरगी कधी बांधीत उतरली नाई. मी उतरू देली नाई. हे लिह, मंगच सही."

तेव्हा मला निबंधाचं सांगावं लागलं. ती खोटेपणावर चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चिखल्या? माह्या पायाच्या चिखल्या तू आपल्या पायाले लावल्या? मंग इतके वर्स मी कायले राखलं तुले?"  मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आमची बोली समजणारं तिथे कोणी नव्हतं. भाषांतरात ते वाक्य सहज गाळता आलं असतं. एक अख्खी संध्याकाळ मी तोच विचार करत बसले. मग शब्दाला शब्द लावून लिहिलं आणि फॉर्म सरांकडे दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "मग त्या चिखल्या?"

"तिच्या."

त्यांचे गाल आणखी लाल झाले. फॉर्म फाइलमध्ये ठेवत म्हणाले, "तो निबंध पुन्हा लिहून आण. तोही फाइलला लागेल. या वेळी पाय ज्यांचे आहेत त्यांनाच दे."

मी काचघरातूनच आईला फोन केला. तिने आधी विचारलं, "हाकललं का?"

"नाही. निबंध पुन्हा लिहायला सांगितलाय."

"मंग फोनवर काय करून राह्यली? हात धू अन् अभ्यासाले बस."

मी नळ सोडला. माझ्या नखांत माती होती.