कमल, पिता विष्णू, पुरुष

ये, अशी जवळ बस बघू. दाराशी टेकून उभ्या उभ्या ‘हो मावशी, हो मावशी’ करू नकोस. मतदारयादी लागून आठ दिवस झाले आणि तू अजून आपलं नाव पाहिलं नाहीस. वर म्हणतेस, ‘असेलच की.’ आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू असत्या ना, तर या ‘असेलच’पायी त्यांनी तुला चहासुद्धा दिला नसता.

मी तर म्हणते, त्या काळात अख्ख्या कलकत्त्यात खरा मतदार एकच, त्या आमच्या मराठी काकू. बाकीचे आम्ही नुसते मत देऊन येणारे. सत्तरच्या आसपासचे दिवस ते. बँकेने यांची बदली केली म्हणून आम्ही नागपूरहून भवानीपुरात आलो, तेव्हा भिंती घोषणांनी इतक्या रंगलेल्या की घराचा नंबर शोधावा लागे. गल्लीत कुठे काही धाडकन वाजलं की दुकानं पटापट बंद होत आणि खाली काकूंची काळजी सुरू होई. माणसांची काळजी सगळेच करतात. काकू मताची करायच्या. आपण पोचायच्या आधीच कोणी आपलं मत देऊन गेलं तर? पेटीचं सील नीट बसलं नसेल तर? मोजणाऱ्याला डुलकी लागली आणि आपली मतपत्रिका भलत्याच गठ्ठ्यात गेली तर? निवडणूक जाहीर झाली की त्यांचं जेवण निम्म्यावर यायचं. मतपत्रिकेची घडी आधी उभी घालायची, म्हणजे शिक्क्याची ओली शाई शेजारच्या चिन्हावर उमटत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून घरातल्या सगळ्याची घडी उभी. रुमाल उभा, वर्तमानपत्र उभं, पोळीसुद्धा त्रिकोणी सोडून उभी व्हायला लागली. मी हसले, तर म्हणाल्या, “हस तू. बाद मतासाठी कोणी रडत नाही गं, म्हणून मी आधीच रडून घेते.”

या काळजीला कारण होतं, ते मला मागाहून कळलं. स्वातंत्र्यानंतर पहिल्या याद्या झाल्या तेव्हा दारावर आलेल्या माणसाला त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं, “लिहा, विष्णूची बायको.” सुनेचं नाव परक्या पुरुषाला कशाला सांगायचं? अशा बिननावाच्या बायका म्हणे मग यादीतून वगळल्याच. यजमान एकटे मत देऊन आले, बोटावरची शाई दाखवली आणि म्हणाले, “पुढच्या खेपेला तुझं नाव मी स्वतः घालतो.” घातलंसुद्धा. कमल, पती विष्णू. आणि त्याच वर्षी ते गेले. मूल नाही, घर पुतण्याच्या नावावर, रेशनकार्डावर पुतण्याच कुटुंबप्रमुख. दोघांची नावं एका ओळीत असा एकच सरकारी कागद उरला, तो म्हणजे यादी.

आणि ती ओळ, बाई, माझ्या हातून बिघडली.

काकू भाचीच्या बाळंतपणाला दोन महिने शहराच्या टोकाला बेहालाला गेल्या होत्या. नेमका तेव्हाच, खाली कुलूप असताना, नव्याने यादी करणारा माणूस आला. खाली कोण राहतं, म्हणाला. मी मोडक्या बंगालीत सांगितलं, “काकू.” नाव? “कमल विष्णू,” आणि पुढे आडनाव. त्याने भराभर लिहून घेतलं. मला काय ठाऊक, बंगाल्यांचा ‘काकू’ म्हणजे काका! कमल आपल्याकडे बाईचं नाव, त्यांच्याकडे बाप्याचं. आणि आपल्यात मधलं नाव नवऱ्याचं असतं, हे त्याला कोण सांगणार? पुढे यादी शाळेच्या भिंतीवर लागली तेव्हा काकूंचं बेहालाहून कार्ड आलं, ‘डोळ्यांनी पाहून ये.’ मी गेले, एकेक अक्षर लावत ‘कमल’ शोधलं आणि परतले. पुढचे रकाने? म्हटलं, असेलच बरोबर.

मतदानाला काकूंनी मला पहाटेच उठवलं. केंद्र उघडायच्या आधी आम्ही बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे. आत नंबर सांगितला आणि टेबलामागून आवाज आला, “कमल. पिता बिष्णू. पुरुष.”

एका पक्षाचा एजंट हसून म्हणाला, “ये तो पुरुष है, मासिमा. ये आप कैसे?” मासिमा म्हणजे त्यांच्यात मावशी.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नव्हे गं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. हातातला रुमाल त्या उभा दुमडत राहिल्या. केंद्रप्रमुख वयस्कर होते, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी हळूच विचारलं, “ये बिष्णुबाबू आपके कौन?”

नवऱ्याचं नाव काकूंनी जन्मात कधी सरळ घेतलं नव्हतं. घेतलं ते उखाण्यात, आणि विधवेला उखाणा कोण विचारतो? मी पुढे झाले, तर एजंट म्हणाला, “आप नहीं. मासिमा खुद बोलेंगी.” मागे रांग चुळबुळायला लागली. मला वाटलं, आता या परत फिरणार.

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाल्या,

“हावड्याच्या पुलाला खिळ्यांचा आधार,
विष्णुरावांचं नाव घेते, मी मतदार.”

खोलीत कुणाला शब्द कळले नाहीत. पण अशी लाजलेली बाई विष्णूची मुलगी नसते, हे कळायला भाषा लागत नाही. केंद्रप्रमुख एजंटाला म्हणाले, “छापार भूल.” छापण्यातली चूक. आणि मतपत्रिका काकूंच्या हातात दिली.

वाटलं, आता तरी काळजी मिटली. छे! घाईत शिक्का रेघेवर पडला असेल तर? मतमोजणीच्या दिवशी रेडिओला कान लावून बसल्या. आकडे सांगितले, तशा मला म्हणाल्या, “त्यात एक माझं असेल ना गं?”

“असेलच,” मी म्हटलं आणि जीभ चावली. काकू मात्र पहिल्यांदाच हसल्या.

ओळ त्यांनी अर्ज करून दुरुस्त करून घेतली. पुढे काही वर्षांनी गेल्या. त्यानंतरच्या यादीत पाहते, तर नाव तसंच. कमल, पती विष्णू, स्त्री. त्यावर बोट ठेवून मी किती वेळ उभी राहिले. राहू दे की, कुणाचं काय जातं, असंही मनात आलं. मग त्यांचीच काळजी आठवली, आपलं मत दुसरा कोणी देऊन गेला तर? नाव कमी करायचा अर्ज मीच केला. कारकुनाने विचारलं, या तुमच्या कोण? सवयीने म्हणून गेले, “काकू.” त्याने लिहिलं आणि कागद सहीला पुढे केला. या खेपेला मात्र मी शेवटच्या रकान्यापर्यंत वाचलं. ‘काका’ लिहिलं होतं. खोडायला लावलं, मगच सही केली.

तर आता ऊठ, जाताना शाळेवरून जा. आपलं नाव बघ, सगळे रकाने बघ. आणि माझंही बघ, मला ते बारीक अक्षर आता दिसत नाही. फोनवर नको सांगू, तू ‘आहे’ म्हणशील नि मी काळजी करत बसेन. इथे येऊन सांग. लवकर ये.