दुसरा कप

आमची धाकटी जुन्या इमारती मोजते. दुरुस्तीआधी भिंत किती फुगलीय, तडा कुठून कुठवर गेलाय, जिन्याच्या किती पायऱ्या खचल्यात, ते टेप लावून कागदावर उतरवायचं. तिचे साहेब पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "फोटो फोन काढतो. तू बघतेस कुठे? रोज एक जागा हाताने काढ." तेव्हापासून काढते. खोडरबर नाही. दिसतं तेच काढायचं, मनातलं नाही.

घरी होती तोवर सरावाला मीच सापडायचे.

"आई, मान हलवू नकोस."

"अगं, दूध उतू जातंय!"

"जाऊ दे."

एकदा मी एका चित्राला छान म्हटलं, तर केवढी चिडली. "काय छान? सावली उलटीकडे पडलीय. दिवा कुठाय ते आधी बघत जा."

दोन वर्षांपूर्वी तिला लांबच्या शहरात काम मिळालं. मी रोज फोन करायचे. जेवलीस का, दार नीट लावलंस का, शेजारी कोण आहे, घरी कुणी येतं का. एक दिवस म्हणाली, "आई, तू प्रश्न विचारू नकोस. मी रोज संध्याकाळी एक चित्र पाठवीन. आलं की समज, मी ठीक आहे." मी कबूल झाले. न होऊन करते काय?

चित्रं येऊ लागली. ऑफिसचा जिना, बसथांबा, खानावळीतली बाकं. माणसं सगळी पाठमोरी.

"अगं, एकाचं तरी तोंड काढ."

"बघितलं की हलतात गं."

आणि मधून मधून तिची खोली. टेबल, डावीकडे मान वाकवलेला दिवा, टॉवेल टाकलेली एकुलती एक खुर्ची आणि एक कप. मी चष्मा लावून दुसरा कप शोधायचे. हे म्हणायचे, "चित्र बघतेस की पंचनामा करतेस?" माझी बहीण म्हणायची, "एक कप म्हणजे धुवायला एकच. शहाणी आहे पोरगी." पण मला राहवलं नाही. दिलेला शब्द मोडून एकदा विचारलंच.

"कुणी येतं का गं चहाला?"

म्हणाली, "येतात की."

पुढच्याच आठवड्यात चित्र आलं, त्यात दोन कप होते. माझा जीव भांड्यात नाही, कपात पडला. बहिणीला लगेच फोन केला. यांना ताटावरून उठवून दाखवलं. चार दिवस मी हवेत होते.

पाचव्या दिवशी भांडी आवरून पुन्हा ते चित्र उघडलं. दिवा डावीकडे. कपाची सावली उजवीकडे, पेन्सिलीची उजवीकडे, चष्म्याच्या डबीची उजवीकडे. दुसऱ्या कपाला सावलीच नव्हती. टेबलावर टेकलेलाही वाटेना. सावलीवरून मला झापणारी पोर ती. विसरली नव्हती. तिथे कप असता तर तिला सावली दिसली असती.

तिने आपला नियम मोडला होता, आणि तो मी मोडायला लावला होता.

शनिवारी पहाटेची गाडी धरली. घरातला निळ्या काठाचा कप टॉवेलात गुंडाळून घेतला. दार उघडलं आणि ती घाबरलीच.

"अशी अचानक? बाबा बरे आहेत ना?"

"ठणठणीत आहेत. आत तर येऊ दे."

मी कप काढून टेबलावर ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कळलं तुला?"

"सावली राहिली."

"काढणार होते गं. हातच चालला नाही."

चहा केला. मी खुर्चीवर, ती पलंगाच्या कडेला. तोंडाशी आलेले सगळे प्रश्न मी चहाबरोबर गिळले. मग तीच म्हणाली, "ऑफिसातले चांगले आहेत, आई. पण सहा वाजले की प्रत्येकाला आपापलं घर असतं."

दुसऱ्या दिवशी तिने मला काढलं. समोरून. "हलू नकोस," म्हणाली. मी हलले नाही. डोळे चुरचुरले तरी पुसले नाहीत.

निघताना म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

"आणि इथल्या भिंती कोण मोजणार? तू?"

गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभी होती. कप तिथेच ठेवून आले.

आज संध्याकाळी चित्र आलं. टेबल, दिवा, दोन कप. तिचा सरळ, निळ्या काठाचा पालथा. दोन्हींच्या सावल्या उजवीकडे.

"काय निघालं पंचनाम्यात?" यांनी विचारलं.

"सावली बरोबर आलीय," म्हटलं, आणि ते झोपायला गेल्यावर पुन्हा चित्र उघडून बसले.