दोरीवरची वस्ती

नेरे गावाहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशी नसत्या, तर माझा थोरला कुठे जन्मला असता कोण जाणे. म्हणून आधी त्यांचं नाव काढते, मग बाकीचं.

माझं माहेर खानदेशात. चौथीतच शाळा सुटली, पुढे लग्न झालं. हे गवंडीकामाला पनवेलला आले, तशी मीही आले. इथल्या शेठनी मुंबईची मंडळी राहायला येतील या भरवशावर आठ बैठी घरं बांधली होती. मंडळी येईनात. ओसाड घरांत गिऱ्हाईक पाऊल टाकत नाही, असं शेठचं म्हणणं. त्यांनी आम्हाला कोपऱ्यातलं घर फुकट दिलं. बदल्यात दर रविवारी, गिऱ्हाइकं बघायला येतील तेव्हा, आठही घरं भरलेली दिसली पाहिजेत.

मग मी आठ दारांत रांगोळी काढायची, आठ दोऱ्यांवर कपडे वाळत घालायची. माझी लुगडी मेली तीन!

मावशी हसल्या. "काय गो, बाकी घरांच्या बाया काय उघड्या फिरतान?"

त्यांनी गावातून लुगडी गोळा करून आणली. रविवारी पाटी उतरवून स्वतः तिसऱ्या घराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायच्या. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आजी, किती वर्षं राहता इथे?"

"लगीन झाल्यापासून!"

घर बांधून जेमतेम वर्ष झालेलं. गिऱ्हाईक त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघतच राहिलं.

मला आठवा लागला आणि एका मास्तरांना आमचंच घर पसंत पडलं. शेठ म्हणाले, "आता खरं बिऱ्हाड आलं. तुमचं काम संपलं, आठ दिवसांत निघा." माहेरी जावं तर आठव्यात एवढा प्रवास करायचा नाही, आणि इथे आमचं कोण होतं? मी दोन दिवस जेवले नाही.

मावशींनी ऐकलं आणि तडक मास्तरीणबाईंचं घर गाठलं. मी मागे, पदर तोंडाशी धरून.

"बाय, दोरीवरचं कपडं आमचं व्हतं. वस्ती खोटी. ही पोर तेवढी खरी हाय. तुमच्या घरात बाळंत झाली त काय बिघडल?"

बाई म्हणाल्या, "कपड्यांचं मला घर बघायला आले तेव्हाच कळलं. एकाही दोरीवर लंगोट नाही, झबलं नाही. आठ घरांत एक तान्हं नसेल होय?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सव्वा महिना होईपर्यंत आम्ही येत नाही. शेठना मी सांगते."

बाळंतपण मावशींनीच केलं. शेठ तर पुढच्या गिऱ्हाइकांना सांगू लागले, "पाळणा हललेली वास्तू आहे!" दोन घरं त्यावर खपली. तोवर यांनाही दुसरीकडे काम आणि खोली मिळाली.

मावशींना मी साधी चोळीसुद्धा देऊ शकले नाही. मला आजही धास्ती वाटते, ते राहूनच जाईल की काय. पण त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरतंय. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी, माझ्या हातचं. मावशी, हा माझा शब्द.